अन्ननलिकेचा गळपट्टा : ॲसिडिटीच्या ऑपरेशनची गोष्ट



"डॉक्टर, पित्ताची पिशवी काढून दोन वर्षं झाली. मग अजून पित्त होतंच कसं?"

हा प्रश्न माझ्या दवाखान्यात अधूनमधून येतोच. विचारणाऱ्याची त्यात काही चूक नसते. आपल्या मराठीत 'पित्त' हा एकच शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. यकृतात तयार होणारं आणि पित्ताशयात साठणारं हिरवट-पिवळं पित्त ही एक गोष्ट. छातीत जळजळ, करपट ढेकर, घशाशी आंबट पाणी येणं ही दुसरी. या दुसऱ्या त्रासाशी पित्ताशयाचा सहसा काही संबंध नसतो. तिथे जळजळ करतं ते जठरातलं आम्ल, म्हणजे ॲसिड. ते असायला हवं जठरात, पण वर चढून अन्ननलिकेत येतं. म्हणून खडे झालेलं पित्ताशय काढल्याने खड्यांचा त्रास जातो, 'पित्ताचा' जात नाही.

त्यावर पुढचा प्रश्न हमखास येतो. "मग या पित्तावर ऑपरेशन नसतंच का?"

असतं. ते दुर्बिणीतून, चार-पाच छोट्या छिद्रांतून होतं. पण ते कोणी करावं, कधी करावं आणि मुख्य म्हणजे कोणी करू नये, हे समजायचं असेल तर त्याचा इतिहास माहीत असलेला बरा. हे ऑपरेशन कोणी एका दिवशी शोधून काढलेलं नाही. ते एका वेगळ्याच कामाच्या ओघात सापडलं, आधी फार घट्ट केलं गेलं, मग सैल केलं गेलं, मध्यंतरी जवळजवळ विस्मरणात गेलं आणि मग दुर्बिणीने परत आणलं. यातल्या प्रत्येक टप्प्यावर डॉक्टर जे शिकले, ते आज तुमच्या उपयोगाचं आहे.

आधी थोडी शरीररचना

छाती आणि पोट यांच्या मध्ये स्नायूंचा एक पडदा असतो, श्वासपटल. अन्ननलिका छातीतून खाली येते, या पडद्यातल्या एका छिद्रातून पोटात उतरते आणि जठराला मिळते. ती जिथे मिळते तिथे तिच्या भिंतीतल्या स्नायूंची एक कडी असते. घास खाली जाताना ही कडी सैल पडते आणि एरवी आवळलेली राहते. बाहेरून श्वासपटलाचाही तिला आधार असतो. शिवाय अन्ननलिका जठराला सरळ न मिळता तिरकी मिळते आणि तिच्या डाव्या बाजूला जठराचा वरचा, घुमटासारखा भाग येतो. या सगळ्यांची मिळून एक झडप तयार होते.

ही झडप ढिली पडली, नको तेव्हा उघडू लागली किंवा श्वासपटलातलं छिद्र रुंद होऊन जठराचा वरचा भाग छातीत सरकला (याला हायटस हर्निया म्हणतात), तर ॲसिड वर येतं. जठराच्या आतल्या अस्तराला ॲसिड सोसण्याची सोय आहे, अन्ननलिकेच्या अस्तराला तशी नाही. म्हणून जळजळ होते.

आज हे सगळं सोपं वाटतं. पण नव्वद वर्षांपूर्वी डॉक्टरांनाही ते नीट माहीत नव्हतं. अन्ननलिकेचा दाह जठरातल्या ॲसिडमुळे होत असावा, असा लेख न्यूयॉर्कच्या ॲशर विंकेलस्टाइन यांनी १९३५ मध्ये लिहिला, तेव्हा त्यांना तो 'नवीन आजार' म्हणून मांडावा लागला होता.

इस्तंबूल, १९३६

आपल्या गोष्टीचा नायक रुडॉल्फ निसेन. जन्म १८९६, तेव्हाच्या जर्मनीतल्या नाइसे गावी. आज हे गाव पोलंडमध्ये आहे. वडील सर्जन. पहिल्या महायुद्धात निसेन यांच्या फुप्फुसाला गोळी लागली होती. पुढे ते फर्डिनांड सॉअरब्रुख या त्या काळच्या नामांकित छाती-सर्जनचे सहकारी झाले आणि १९३१ मध्ये एका रुग्णाचं संपूर्ण फुप्फुस यशस्वीपणे काढून त्यांनी नाव मिळवलं. दोन वर्षांत हिटलर सत्तेवर आला. निसेन ज्यू वंशाचे. त्यांनी बर्लिन सोडलं. त्याच सुमारास तुर्कस्तानात अतातुर्क यांनी विद्यापीठांची नव्याने उभारणी चालवली होती आणि जर्मनीतून परागंदा झालेल्या अनेक प्राध्यापकांना तिथे बोलावणं आलं होतं. निसेन इस्तंबूल विद्यापीठाच्या शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले.

तिथे १९३६ मध्ये त्यांच्याकडे २८ वर्षांचा एक तरुण आला. त्याच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला खोल अल्सर होता. निसेन यांनी तो भाग कापून काढला आणि उरलेली अन्ननलिका जठराला जोडली. हा जोड नाजूक असतो. तो सुटला तर जठरातला मजकूर आत सांडून रुग्ण दगावू शकतो, आणि त्या काळात पेनिसिलिनही हाताशी नव्हतं. म्हणून जोडाला संरक्षण द्यावं, एवढ्याच हेतूने त्यांनी जठराच्या भिंतीच्या घड्या वर ओढून अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळल्या आणि टाके घातले. थंडीत गळ्याभोवती मफलर गुंडाळावा, तशा.

तरुण बरा झाला. पुढे काही वर्षांनी निसेन यांनी त्याची चौकशी केली, तेव्हा एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. अशा जोडणीनंतर झडप उरत नाही, त्यामुळे रुग्णाला भयंकर जळजळ व्हायला हवी होती. याला ती नव्हती. जोड जपण्यासाठी घातलेला गळपट्टा झडपेचं काम करत होता.

निसेन यांनी ही नोंद मनात ठेवली. तिचा उपयोग व्हायला मात्र जवळजवळ वीस वर्षं जायची होती.

आइनस्टाइन, आणि मग बाझेल

१९३९ मध्ये निसेन अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या ज्यू हॉस्पिटलात काम करत असताना, १९४८ च्या डिसेंबरात त्यांच्याकडे एक पोटदुखीचे रुग्ण आले, अल्बर्ट आइनस्टाइन. पोट उघडल्यावर मुख्य रोहिणीला मोठा फुगा आलेला दिसला. कृत्रिम रक्तवाहिनी बसवण्याची सोय तेव्हा नव्हती. निसेन यांनी त्या फुग्याभोवती सेलोफेन गुंडाळलं, म्हणजे त्याभोवती चिवट ऊती तयार होऊन भिंत जाड व्हावी. आइनस्टाइन त्यानंतर सहा वर्षांहून अधिक जगले. १९५५ च्या एप्रिलमध्ये तो फुगा फुटला तेव्हा त्यांनी दुसरं ऑपरेशन नाकारलं.

निसेन तोवर स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले होते. दरम्यान, १९५१ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सचे सर्जन फिलिप ॲलिसन यांनी ॲसिड वर चढणं आणि हायटस हर्निया यांचा संबंध स्पष्ट मांडला होता. त्यांचा उपाय साधा होता. जठर खाली ओढा, श्वासपटलातलं छिद्र शिवा. हे ऑपरेशन जगभर होऊ लागलं. हर्निया जागेवर बसे, पण अनेकांची जळजळ परत येई. ॲलिसन यांचा मोठेपणा असा, की वीस वर्षांनी, १९७३ मध्ये, त्यांनी आपल्याच रुग्णांची पाहणी करून अपयशाचे मोठे आकडे स्वतः प्रसिद्ध केले. स्वतःच्या नावाचं ऑपरेशन टिकत नाही, हे लिहायला धैर्य लागतं.

अडचण अशी होती की छिद्र शिवून झडप तयार होत नाही. १९५५ मध्ये निसेन यांच्याकडे ४९ वर्षांची एक स्त्री आली. तिला ॲसिडचा त्रास होता, पण हर्निया नव्हता. म्हणजे शिवायला छिद्रच नव्हतं. निसेन यांना इस्तंबूलचा तो तरुण आठवला. त्यांनी काहीही न कापता जठराचा वरचा घुमट अन्ननलिकेच्या मागून फिरवून पुढे आणला आणि टाके घालून तिच्याभोवती पूर्ण वेढा दिला. १९५६ मध्ये त्यांनी फक्त दोन रुग्णांवरचा छोटा लेख एका स्विस वैद्यकीय साप्ताहिकात छापला. आज जगभर 'निसेन फंडोप्लिकेशन' म्हणून ओळखलं जाणारं ऑपरेशन ते हेच. जठराच्या घुमटाला फंडस म्हणतात आणि प्लिकेशन म्हणजे घडी घालणं.

यामागची युक्ती पाहा. जेवणानंतर जठरातला दाब वाढतो, तसा तो गुंडाळलेल्या भागातही वाढतो, कारण तोही जठराचाच भाग असतो. त्यामुळे ॲसिड वर ढकलणारा दाबच अन्ननलिकेला बाहेरून आवळतो.

गळपट्टा किती घट्ट असावा?

आता दुसरी बाजू. झडप चांगली झाली, पण ती फारच चांगली झाली. निसेन यांचा मूळ वेढा लांब आणि घट्ट होता. रुग्णांची जळजळ गेली, पण काहींना घास अडकू लागला. काहींना ढेकर देता येईना. जेवताना आपण सगळेच थोडी हवा गिळतो. ती ढेकरेतून बाहेर पडली नाही तर पोट नगाऱ्यासारखं फुगतं. आणि उलटीची भावना झाली तरी उलटी होत नसे.

आपल्याकडे हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. सकाळी कोमट मिठाचं पाणी पिऊन, घशात बोटं घालून 'पित्त पाडण्याची' सवय असलेले कितीतरी लोक मला भेटतात. ही सवय मुळात वाईट, कारण प्रत्येक उलटीबरोबर ॲसिड अन्ननलिकेतून आणि दातांवरून जातं. पण या ऑपरेशननंतर ती नुसती वाईट नाही, धोक्याची आहे. जोराच्या उबळी वेढ्यावर ताण आणतात, आणि तो सरकू किंवा सुटू शकतो.

पुढची तीस वर्षं सर्जन हा गळपट्टा सैल करायला शिकत राहिले. फ्रान्समध्ये १९६२ मध्ये झाक डोर यांनी फक्त पुढच्या बाजूने अर्धा वेढा दिला, तर १९६३ मध्ये आंद्रे तुपे यांनी मागच्या बाजूने. अर्ध्या वेढ्याने ढेकर सुटते आणि गिळायला सोपं जातं. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या डॉनह्यू आणि सहकाऱ्यांनी पूर्ण पण मुद्दाम ढिला वेढा सुचवला. टॉम डीमीस्टर यांनी १९८६ मध्ये शंभर रुग्णांच्या अनुभवावरून दाखवलं की वेढा आखूड, एखाद-दोन सेंटीमीटरचा असला तरी पुरतो आणि तो घालताना अन्ननलिकेत जवळजवळ दोन सेंटीमीटर जाडीची नळी ठेवावी, म्हणजे तो आवळला जात नाही.

याच डीमीस्टर यांचं आणखी एक काम माझ्या मते ऑपरेशनपेक्षाही मोठं आहे. १९७४ मध्ये लॉरेन्स जॉन्सन यांच्याबरोबर त्यांनी चोवीस तास अन्ननलिकेतलं ॲसिड मोजण्याची पद्धत बसवली. नाकातून एक बारीक तार घालून, माणूस रोजचं खाणं-झोपणं करत असताना किती वेळा आणि किती वेळ ॲसिड वर येतं, याची नोंद. तोवर डॉक्टर रुग्णाच्या सांगण्यावर आणि क्ष-किरणांच्या फोटोवर चालत होते. आता मोजता येऊ लागलं. या चाचणीकडे आपण पुन्हा येणार आहोत.

गोळ्या आल्या आणि ऑपरेशन मागे पडलं

निसेन यांचं ऑपरेशन करायला पोट उघडावं लागे. बरगड्यांच्या मधल्या टोकापासून बेंबीपर्यंत चीर. अन्ननलिका आणि जठर यांचा जोड पोटात सर्वांत वर, यकृताच्या आड, खोल असतो. मी शिकत असताना असं एक ऑपरेशन पाहिलं होतं. सहायक डॉक्टर यकृत वर धरून अर्धा-पाऊण तास वाकून उभा होता, आणि सर्जन खोल विहिरीत हात घातल्यासारखे काम करत होते. रुग्णाला त्यानंतर खोकतानाही पोट धरावं लागे. आठ-दहा दिवस रुग्णालयात आणि पुढे महिना-दीड महिना विश्रांती.

छातीतल्या जळजळीसाठी एवढं कोण सोसणार? त्यात औषधं आली. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निघालेली सिमेटिडिन १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये मिळू लागली. पुढे रॅनिटिडिन आली. आणि १९८८ मध्ये ओमेप्राझोल. हे औषध ॲसिड तयार करणारा पंपच थंड करतं. आज तुम्ही सकाळी रिकाम्या पोटी घेता त्या पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल या गोळ्या त्याच घराण्यातल्या. वर्षानुवर्षं उशा रचून बसून झोपणारी माणसं एका गोळीवर आडवी झोपू लागली. ऑपरेशनची गरज संपली, असंच वाटत होतं.

दुर्बीण आली

त्याच वेळी दुसरीकडे एक वेगळी गोष्ट घडत होती. पोटात दुर्बीण घालून पाहण्याची कल्पना जुनीच. जर्मनीत गेऑर्ग केलिंग यांनी १९०१ मध्ये कुत्र्याच्या पोटात हवा भरून दुर्बिणीने पाहिलं होतं. स्वीडनच्या हान्स क्रिस्तियान याकोबेउस यांनी १९१० मध्ये माणसांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. पण ते नुसतं पाहणं होतं आणि तेही एकाच डोळ्याने, एकट्या सर्जनने. दुर्बिणीतून प्रत्यक्ष मोठं काम करायला सुरुवात केली ती मुख्यतः स्त्रीरोगतज्ज्ञांनी. कील शहरातले कुर्ट झेम यांनी १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली. १९८५ मध्ये जर्मनीतच एरिश म्यूए यांनी पित्ताशय काढलं. त्यांचंही स्वागत झालं नाही. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या लियाँचे फिलिप मूरे यांनी तेच केलं. तोवर छोटे व्हिडिओ कॅमेरे दुर्बिणीला लागले होते, त्यामुळे पोटातलं दृश्य पडद्यावर सगळ्यांना एकदम दिसू लागलं. सहायकाला दिसू लागलं की तो मदत करू शकतो, आणि बघणारा शिकू शकतो. मग हे लोण जगभर पसरायला दोन-तीन वर्षंच लागली.

आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट म्हणजे मुंबई यात मागे नव्हती. डॉ. टेहेमटन उडवाडिया यांनी जे. जे. रुग्णालयात १९७२ पासूनच निदानासाठी दुर्बीण वापरायला सुरुवात केली होती आणि भारतातलं दुर्बिणीचं पहिलं पित्ताशयाचं ऑपरेशन त्यांनी १९९० मध्ये केलं.

पित्ताशय जमल्यावर पुढचा विचार साहजिक होता. दुर्बिणीतून तिथेच वर, यकृतामागे, अन्ननलिकेचा जोड स्वच्छ दिसतो. पोट उघडून जिथे पोहोचायला त्रास, तिथे दुर्बीण सहज पोहोचते. शिवाय या ऑपरेशनात काही काढून बाहेर आणायचं नसतं, फक्त गुंडाळायचं आणि शिवायचं असतं. १९९१ मध्ये बेल्जियममधल्या लिएजचे बर्नार दालमान्य यांनी दुर्बिणीतून केलेल्या निसेन ऑपरेशनचा पहिला अहवाल प्रसिद्ध केला. त्याच वर्षी कॅनडातून जीआजीआ यांनी दहा रुग्णांचा अनुभव लिहिला.

ऑपरेशन आतून तेच राहिलं. पूर्ण भूल देतात. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात. अर्धा ते एक सेंटीमीटरची चार-पाच छिद्रं. एकातून दुर्बीण, बाकीच्यांतून लांब दांड्यांची हत्यारं. यकृत हलकेच उचलायचं, अन्ननलिका मोकळी करून पोटात खाली आणायची, श्वासपटलातलं रुंद छिद्र टाके घालून योग्य मापाचं करायचं आणि मग जठराच्या घुमटाचा वेढा द्यायचा. बदललं ते रुग्णाचं दुखणं. एक-दोन दिवसांत घरी, काही आठवडे मऊ आणि पातळ आहार, मग हळूहळू नेहमीचं जेवण.

लाट आणि ओहोटी

गोळी रोज घ्यावी लागते आणि ऑपरेशन एकदाच. वरून छिद्रं छोटी. १९९० च्या दशकात पाश्चात्त्य देशांत या ऑपरेशनची लाटच आली. अमेरिकेत दशकाच्या अखेरीस ती सर्वांत उंच होती. मग ओसरली. का ओसरली?

एक कारण म्हणजे दीर्घ पाहणीचे निकाल. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या एका अभ्यासात, जुन्या पद्धतीने ऑपरेशन झालेल्या रुग्णांना सुमारे दहा वर्षांनी गाठलं, तेव्हा त्यांतले ६२ टक्के पुन्हा नियमित औषधं घेत होते. हा निकाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्या २,६५५ रुग्णांची नोंद २०१७ मध्ये आली. त्यांत १७.७ टक्के रुग्णांचा त्रास परतला होता. म्हणजे पाचांपैकी चौघांहून अधिक बरे होते. हा निकाल चांगला आहे, पण 'एकदा केलं की कायमचं सुटलं' असा नाही.

युरोपातल्या ५५४ रुग्णांच्या अभ्यासात निम्म्यांना इसोमेप्राझोल आणि निम्म्यांना दुर्बिणीचं ऑपरेशन, अशी तुलना झाली. पाच वर्षांनी गोळीवाल्यांपैकी ९२ टक्के आणि ऑपरेशनवाल्यांपैकी ८५ टक्के चांगले होते. गोळीचा डोस गरजेप्रमाणे वाढवायची मुभा होती, हे लक्षात घ्या. पण सार एवढंच, की ज्याला गोळी नीट लागू पडते त्याला दोन्ही रस्ते बरे आहेत.

दुसरं कारण, सोपा मार्ग शोधण्याची घाई. १९७९ मध्ये सिलिकॉनची एक कडी निघाली होती, अँजेलचिक नावाची. अन्ननलिकेभोवती नुसती अडकवायची, शिवण्याचा त्रास नाही. हजारो लोकांना ती बसवली. पुढे ती सरकली, घास अडकू लागले, काहींच्या जठरात शिरली आणि काढावी लागली. २००३ मध्ये झडपेच्या भिंतीत टोचायचं एक द्रव्य अमेरिकेत मंजूर झालं. एंडोस्कोपीतून टोचा, तासाभरात घरी. दोन वर्षांत गंभीर अपघात होऊन ते मागे घ्यावं लागलं. सगळेच नवे प्रयत्न फसले असं नाही. छोट्या लोहचुंबक मण्यांची माळ अन्ननलिकेभोवती दुर्बिणीतून बसवण्याच्या पद्धतीला २०१२ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि ती वापरात आहे. रोबोटच्या मदतीनेही हे ऑपरेशन होतं. पण 'अगदी सोपं, पाच मिनिटांचं' असं ऐकलंत की अँजेलचिकची कडी आठवा आणि किती वर्षांचा अनुभव आहे, हे विचारा.

माझी एक चूक

तिसरं कारण सांगण्यासाठी मला माझ्याच दवाखान्यातली गोष्ट सांगावी लागेल.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी चाळिशीतल्या एक शिक्षिका माझ्याकडे येत. छातीत सतत जळजळ. सगळ्या गोळ्या झाल्या. एंडोस्कोपीत काही सापडलं नाही. वर्गात शिकवताना छातीवर हात ठेवून उभं राहावं लागे. त्या कंटाळल्या, मीही कंटाळलो. गोळ्यांनी बरं वाटत नाही, म्हणजे आजार मोठा आहे, म्हणजे ऑपरेशन हवं, असा सरळ हिशोब मी केला आणि त्यांना सर्जनकडे पाठवलं. ॲसिड मोजण्याची चाचणी झाली नाही. मी आग्रह धरला नाही.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. तीन महिन्यांनी त्या आल्या. जळजळ होती तशीच, वर पोट फुगत होतं आणि ढेकर येत नव्हती. तेव्हा चाचणी केली. ॲसिड वर येत नव्हतं, वेढा चोख काम करत होता. तरी जळत होतं. म्हणजे त्यांची जळजळ ॲसिडची नव्हतीच. अन्ननलिकेच्या नसा अतिसंवेदनशील झाल्या की ॲसिड वर न चढताही जळजळ होते. त्यावर वेगळी औषधं आहेत आणि पुढे त्यांना त्यांचा थोडा उपयोग झाला. पण पोट फुगण्याचा त्रास मी त्यांना विनाकारण दिला. सर्जनची चूक नव्हती. माझी होती.

२०१९ मध्ये त्याच माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला एक नवा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि तो वाचताना मला त्या बाई आठवत राहिल्या. गोळ्यांनी जळजळ जात नाही म्हणून पाठवलेले ३६६ रुग्ण. आधी त्यांना ओमेप्राझोल योग्य पद्धतीने, न्याहारीच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या थोडं आधी, दोन आठवडे दिलं. ४२ जण तेवढ्यानेच सुधारले! मग चाचण्या झाल्या. ९९ जणांची जळजळ ॲसिडची नव्हतीच. २३ जणांना अन्ननलिकेचे दुसरे आजार निघाले. बाकीचे इतर कारणांनी गळले. शेवटी जळजळ खरोखर ॲसिडमुळे आहे असे उरले फक्त ७८.

या ७८ जणांचे तीन गट केले. ऑपरेशन केलेल्यांपैकी ६७ टक्क्यांना वर्षाने ठळक फायदा झाला. औषधांच्या वाढीव उपचाराने २८ टक्क्यांना. तिसऱ्या गटात ओमेप्राझोल चालू होतं, पण वाढीव औषधांऐवजी दिसायला तशाच निरुपयोगी गोळ्या होत्या. तिथे १२ टक्क्यांना.

हे दोन आकडे एकत्र वाचा. योग्य माणसाला हे ऑपरेशन गोळ्यांपेक्षा कितीतरी सरस ठरलं. पण त्या ३६६ जणांत तो योग्य माणूस पाचांत एकच होता.

तर तुम्ही काय करायचं?

गोळी आधी नीट घेऊन पाहा. नाश्त्यानंतर किंवा आठवली तेव्हा घेतलेली गोळी निम्मंच काम करते. ती जेवणाआधी साधारण अर्धा तास घ्यायची. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा, पलंगाची डोक्याची बाजू उंच करा, पोटाचा घेर कमी करा, तंबाखू सोडा.

ऑपरेशनचा विचार कोणी करावा? चाचणीत ॲसिड खरंच वर येतं असं दिसलंय आणि गोळ्यांनी पुरेसं बरं वाटत नाही, त्यांनी. गोळी लागू पडते पण तरुण वयात आयुष्यभर घ्यायची नाही किंवा सोसत नाही, त्यांनी. मोठा हायटस हर्निया असून अन्न-पाणी घशाशी येतं, रात्री ठसका लागून जाग येते, त्यांनी.

ऑपरेशनआधी तीन गोष्टी झाल्या आहेत का, ते पाहा. एंडोस्कोपी, ॲसिडचं चोवीस तास मापन आणि अन्ननलिकेचा दाब मोजणारी मॅनोमेट्री. तिसरी का? काही आजारांत अन्ननलिकेची हालचालच मंदावते आणि खालची कडी उघडत नाही. त्यातही जळजळ होते. अशा अन्ननलिकेला गळपट्टा घातला तर घास खाली उतरणारच नाही.

सर्जनना मोकळेपणाने विचारा : तुम्ही अशी किती ऑपरेशनं केली आहेत? माझ्यासाठी पूर्ण वेढा की अर्धा, आणि का? ढेकर, उलटी, गिळणं यांचं काय होईल? चांगला सर्जन अशा प्रश्नांनी रागावत नाही.

आणि काही लक्षणं असतील तर गोळीवर दिवस काढू नका. घास अडकणं, वजन घटणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचाला होणं, रक्त कमी असणं. लगेच दाखवा. छातीत दुखून घाम येत असेल, दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, तर ते 'पित्त' समजून थंड दूध पीत बसू नका. आधी ईसीजी काढा.

निसेन १९८१ मध्ये गेले. दुर्बिणीतून त्यांचं ऑपरेशन झालेलं त्यांनी पाहिलं नाही. पण त्यांची एक सवय आपण घ्यावी असं मला नेहमी वाटतं. इस्तंबूलच्या त्या तरुणाचं ऑपरेशन यशस्वी झालं होतं, फाइल बंद करता आली असती. तरी त्यांनी वर्षांनंतर त्याला विचारलं, आता कसं वाटतंय? हे सगळं त्या एका चौकशीतून निघालं.

तुमचं ऑपरेशन झालं असेल आणि सगळं ठीक असेल, तरी वर्षातून एकदा आपल्या डॉक्टरांना भेटा. त्रास असेल तर भेटाच. आम्ही शिकतो ते तुमच्याकडूनच.

काळजी घ्या.